छातीवरचा दगड अंगावर घालायचा तर: भावनेतून परिधान-वस्तू बनवण्याची पद्धत, क्रमाने

कार्यशाळेत ‘एखादी भावना अंगावर घालता येईल अशी वस्तू बनवा’ असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी बहुतेकांच्या पिशव्यांतून काळं कापड, लाल लोकर आणि तारेची जाळी निघते. सामान आधी आलेलं असतं, भावना नंतर त्यात बसवली जाते. आठवडाभर राबून तयार झालेली वस्तू खुंटीवर छान दिसते. अंगावर घातली की मात्र घालणाऱ्याला काहीच होत नाही. श्वास तसाच, चाल तशीच, हात तसेच मोकळे. दागिना झाला किंवा नाटकातला पोशाख झाला, पण जे करायला निघालो होतो ते राहून गेलं.

हात चांगला असलेल्यांचंही हे होतं, कारण चूक क्रमात असते. तो क्रम मी इथे एकाच वस्तूच्या आधारे सांगते आहे: ‘छातीवर दगड ठेवणे’. खांद्यांवरून येणारा एक जाड कापडी पट्टा, त्याच्या पुढच्या बाजूला खालून उघडी असलेली बाही आणि त्या बाहीत एक जड पिशवी. घालणाऱ्यानं हात आडवा धरला तरच पिशवी जागेवर राहते. मापं मध्यम बांध्याची आहेत. तुमची तुम्ही घ्याल. तुमची भावना वेगळी असेल तर वस्तूही वेगळी होईल, पण टप्प्यांची अदलाबदल करू नका.

सामान: आधी एवढंच आणा

खाकी कागदाचा गुंडाळा, पेन्सिल, मापाचा टेप, टाचण्या, दोन मीटर मांजरपाट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, दोन किलो मोहरी किंवा धुतलेली वाळू आणि एक वही. शेवटचं कापड, अस्तर, बटणं, दोरे यांपैकी काहीही आत्ता घेऊ नका. पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत मंगलदास मार्केटात पाय ठेवला की हात आवरत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती खरेदी पाचव्या टप्प्यानंतर.

मांजरपाट आणल्या दिवशीच गरम पाण्यात भिजवून वाळवा आणि इस्त्री करा. कोरं सुती कापड आटतं, आणि न आटवलेल्या कापडावर घेतलेलं माप पुढे खोटं ठरतं.

टप्पा १: जागा आणि क्रियापद

‘दुःख’, ‘भीती’, ‘एकटेपणा’ असले शब्द वहीत लिहू नका. त्यांना आकार नसतो, मग हात आपोआप ठरलेल्या चिन्हांकडे जातो: थेंब, काटे, तुटलेलं हृदय. त्याऐवजी आपल्या भाषेनं शरीरावर जे आधीच नोंदवून ठेवलंय तिथून सुरुवात करा. पोटात गोळा येणे. आवंढा गिळणे. ऊर भरून येणे. हातपाय गळणे. घशाला कोरड पडणे. तळपायाची आग मस्तकात जाणे. प्रत्येकात शरीराची जागा आहे आणि एक क्रियापद आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाम सोडा, क्रियापद धरा. ‘पोटात गोळा येणे’ म्हटल्यावर कापसाचा गोळा करून पोटावर बांधणारे खूप भेटतात. अनुभव गोळ्याचा नाही, ‘येण्या’चा आहे: अचानक, आतून, न विचारता. ‘ऊर भरून येणे’मध्ये भरणं आहे, म्हणजे हळूहळू वाढणारा दाब. ‘हातपाय गळणे’मध्ये सांध्यांतून आधार निघून जाणं आहे. आणि ‘छातीवर दगड ठेवणे’मध्ये ठेवणं आहे. दगड पडलेला नाही. माणसानं तो स्वतःच्या हातानं उचलून ठेवलाय, आणि धरून ठेवलाय.

हे मला उशिरा कळलं. आई गेली तेव्हा मावशीनं तेरा दिवस घर सांभाळलं. उजव्या हातानं ती वाढत असायची आणि डावा हात छातीपाशी आडवा, पदर धरल्यासारखा. पदर घसरत नव्हता. तो हात तिथे नुसताच होता, पंगत उठेपर्यंत. वस्तू बनवायला बसले तेव्हा आधी मीही दगडाच्या आकाराची चित्रं काढत होते. त्या हाताची आठवण झाली तेव्हा काम सुरू झालं.

कागदावर करायचं ते असं. खाकी कागद जमिनीवर अंथरून त्यावर आडवं व्हा आणि कुणाकडून तरी शरीराची बाह्यरेषा काढून घ्या. अशा दोन आकृत्या काढा. एकीवर भावना आल्यावर जिथे हालचाल, उष्णता, दाब वाढतो त्या जागा पेन्सिलीनं भरा. दुसरीवर जिथे बधिरपणा येतो, जोर कमी होतो त्या जागा. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून असेच दोन आराखडे रंगवून घेतले होते. ही विभागणी आपल्या कामालाही फार उपयोगी पडते, कारण बहुतेकांना पहिलीच आकृती सुचते. बधिर झालेली जागा दुसरीवर सापडते, आणि पुष्कळदा वस्तू तिथेच बसते.

तपासणी: एका वाक्यात सांगता येतंय का? ‘ही वस्तू घातली की माणसाला ____ करावं लागतं किंवा ____ करता येत नाही.’ माझं वाक्य होतं: ‘ही वस्तू घातली की डावा हात छातीखाली आडवा धरावा लागतो, सोडला की वजन सुटतं.’ गाळलेल्या जागा भरत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: कुणाची गोष्ट, कुणाचं शरीर

हा टप्पा लहान आहे आणि सर्रास गाळला जातो. अनुभव दुसऱ्याचा असेल तर आधी विचारा. मी मावशीला विचारलं. ती हो म्हणाली, पण तिच्या साडीला कात्री लावायची नाही असं बजावलं. मग साडी माझी वापरली.

घालणारी व्यक्ती वेगळी असेल तर तिलाही विचारा: मानेचं, पाठीचं दुखणं, दमा, गरोदरपण, बंद जागेत घाबरायला होतं का, नुकतंच घरात काही घडलंय का. ‘पुरे’ हा शब्द ठरवून घ्या. तो उच्चारला की वस्तू लगेच उतरवायची, कारण विचारायचं नाही.

टप्पा ३: हलत्या शरीराची मापं

शिंप्याकडे आपण ताठ उभे राहून माप देतो. या कामाला ते पुरत नाही. प्रत्येक माप तीनदा घ्या: उभं राहून, मांडी घालून बसल्यावर आणि दोन्ही हात वर केल्यावर. छातीचा घेर पूर्ण श्वास घेऊन आणि पूर्ण सोडून, असा दोनदा. त्यात चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. वस्तू ताठ मापावर शिवली की तो फरक बरगड्यांवर येतो आणि दहा मिनिटांत श्वास उथळ होतो. तसा दाब मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो किती हे ठरवून ठेवलेलं असायला हवं.

आपल्या पट्ट्यासाठी लागणारी मापं: खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, गळ्याच्या खळगीपासून आडव्या धरलेल्या हाताच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, डोक्याचा घेर. गळा डोक्याच्या घेरापेक्षा किमान सहा सेंटीमीटर मोठा ठेवायचा.

सूचना: मानेभोवती पूर्ण बंद होणारी, ताणल्यावर न सुटणारी कोणतीही वस्तू करू नका. ‘गळा दाटून येणे’ हा विषय असला तरी नाही. गळ्याचा अनुभव दाखवायचा तर कॉलरसारखी वस्तू खांद्यांवर टेकवा आणि मागे जरा ओढलं की सुटेल असं वेल्क्रो लावा.

टप्पा ४: आधी कागद, मग मांजरपाट

कागदावर दोन भाग बेता. पुढचा: खांद्यावरून उतरणारा, खाली २४ सेंटीमीटर रुंद. मागचा: तेवढाच रुंद, पण पुढच्यापेक्षा दहा सेंटीमीटर लांब. मागचा भाग लांब का, ते सातव्या टप्प्यात कळेल. कागद टाचण्यांनी जोडून अंगावर धरा, बसा, वाका, पाणी प्या. जिथे फाटला तिथे कापड ओढ घेणार.

मग मांजरपाटावर. सगळीकडे दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवा. खांद्यावर अडीच, कारण तिथे उसवून पुन्हा शिवायची वेळ हमखास येते. सगळं कच्च्या टाक्यांनी जोडा. मशीन अजून काढायचं नाही. मशीनवर शिवलं की माणूस त्या आकाराच्या प्रेमात पडतो आणि मग चूक दिसली तरी उसवत नाही.

बाही म्हणजे पुढच्या भागावर लावलेला कापडाचा सरळ नळा: सपाट असताना २४ सेंटीमीटर रुंद, २४ उंच, वर आणि खाली उघडा. मांजरपाटातच तो लावून बघा.

टप्पा ५: वजन

इथे घाई करू नका, माझ्या अनुभवात वस्तू बनते किंवा बिघडते ती इथेच.

‘ओझं’ म्हटल्यावर लोक तीन-चार किलो भरतात. ते वजन पहिल्या मिनिटाला कळतं, आणि नंतर फक्त खांदे दुखतात. खांदे दुखायला लागले की माणूस भावनेचा विचार सोडून देतो आणि वस्तू कधी उतरवायची याचा विचार करतो. कमी वजनानं सुरुवात करा: ४०० ग्रॅम, मग ६००, मग ८००, मग एक किलो. दर वेळी दहा मिनिटं घालून घरातलं नेहमीचं काम करा, आणि वजन नेमकं कोणत्या मिनिटाला जाणवलं ते वहीत लिहा. मला ४०० ग्रॅम जाणवलंच नाही. ६०० जाणवलं आणि विसरले. ८०० ग्रॅमला पहिली दोन मिनिटं काही नाही, सातव्या मिनिटापासून हाताला कळ. मला तोच उशीर हवा होता. एक किलोला कळ आधी आली आणि सगळं लक्ष दंडाकडे गेलं.

जर्मन कलाकार रेबेका हॉर्न यांनी १९७२ साली लांबच लांब बोटांचे हातमोजे केले ते कापड आणि बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे. जड केले असते तर घालणाऱ्याला फक्त जडपणा कळला असता. हलके असल्यामुळे बोटं सहज हलतात, वस्तूंपर्यंत पोचतात, आणि तरीही आपण स्वतः त्या वस्तूंपासून लांब राहतो. त्यांना वजन नको होतं, आपल्याला हवंय. दोन्हीकडे आकडा क्रियापद ठरवतं.

वजन कशाचं, हेही तितकंच मोलाचं. ८०० ग्रॅम वाळू साधारण अर्ध्या लिटरच्या भांड्यात मावते. तेवढ्याच वजनाच्या मोहरीला सव्वा लिटरच्या आसपास जागा लागते. वाळूची पिशवी मुठीएवढी, घट्ट, परकी लागते. मोहरी पसरते, छातीच्या आकाराला धरते, श्वासाबरोबर किंचित सरकते आणि तिचा बारीक आवाज येतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात. हा स्पर्श आपल्या हातांना आधीपासून ओळखीचा आहे. मी दोन्ही करून पाहिल्या आणि मोहरी ठेवली. इतकं मऊ असूनही धरून ठेवणं अवघड होतं, म्हणून.

पिशवी सपाट असताना २० बाय २२ सेंटीमीटर. ८०० ग्रॅम मोहरीनं ती दोन-तृतीयांश भरते. गच्च भरू नका, दाण्यांना सरकायला जागा हवी. पिशवी दुहेरी करा: आतली बारीक विणीची, मशीनवर दोनदा शिवलेली, बाहेरची दिसण्यासाठी. मोहरी आधी दोन दिवस कडक उन्हात तापवा, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास येतो आणि कीड लागते.

सूचना: वजनासाठी शिशाचे छर्रे किंवा मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं वापरू नका. शिसं विषारी आहे, आणि अंगावरच्या वस्तूची शिवण कधीतरी उसवतेच.

टप्पा ६: आता खरेदी

क्रियापद, माप, वजन ठरलं. आता बाजारात जा, आणि प्रत्येक कापडाला एकच प्रश्न विचारा: तू माझ्या क्रियापदाला मदत करतोस का?

पहिल्या वेळी मी बाहीच्या आतलं कापडही सुतीच ठेवलं होतं. हात सोडला, आणि पिशवी पडलीच नाही. सुतावर सूत अडकून बसलं. दिसायला सुंदर, पण ‘हात सोडला की वजन सुटतं’ हे वाक्य खोटं ठरलं. आतून गुळगुळीत सॅटिनचं अस्तर लावलं तेव्हा पिशवी अलगद घसरली. अस्तराचा रंग कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

पट्ट्यासाठी जुन्या सुती साडीचे चार थर घेतले आणि गोधडीसारखा धावदोरा घातला, ओळींत बोटभर अंतर ठेवून. जुनं सूत मऊ असतं, घाम शोषतं, आणि धावदोऱ्यानं पट्ट्याला पुठ्ठ्यासारखा नाही तरी पुरेसा ताठपणा येतो.

त्वचेची चाचणी करा. जे काही अंगाला लागणार त्याचा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला बांधून रात्रभर ठेवा. स्वस्त हुक-बटणांत निकेल असतं आणि पुष्कळांना त्यानं खाज येते. धातू अंगाला लागू न देता मागे कापड ठेवा.

सूचना: रेझिन, फायबरग्लास, स्प्रे-रंग यांचं काम बंद खोलीत आणि योग्य श्वसन-मुखवट्याशिवाय करू नका, साधा कापडी मास्क चालत नाही. रेबेका हॉर्न तरुणपणी पॉलिएस्टर आणि फायबरग्लास मुखवट्याशिवाय हाताळत होत्या. त्यात त्यांची फुप्फुसं इतकी खराब झाली की त्यांना दीर्घकाळ आरोग्यधामात राहावं लागलं. वस्तूत दिवे हवेत तर छोट्या बॅटरीवर चालणारे घ्या. घरच्या विजेची तार अंगावर कधीही आणू नका.

टप्पा ७: जोडणी

१. आधी अस्तरासकट बाही पुढच्या भागावर शिवा, खांदे जोडण्यापूर्वी. नंतर मशीनखाली हात जात नाही.

२. पिशवीला ४५ सेंटीमीटरची जाड सुती पट्टी लावा, म्हणजे सुटल्यावर पिशवी पायावर न पडता पोटापाशी लोंबते. पट्टीचं दुसरं टोक बाहीच्या वरच्या काठाला लावू नका. सुटताना बसणारा झटका तिथून थेट मानेच्या मागे जातो. ती खांद्याच्या शिवणीत घ्या. दोन्ही टोकांना चौकोन आणि त्यात फुली असे टाके घाला. नुसता सरळ टाका या झटक्याला टिकत नाही.

३. मग खांदे: एक खांदा पक्का शिवा, दुसरा चाप बटणांवर ठेवा.

४. बगलेखालून पुढचा-मागचा भाग धरणाऱ्या पट्ट्या, त्याही चाप बटणांवर. पिशवी लोंबायला लागली की पुढचा भाग खाली ओढतो आणि मागचा वर चढतो. लांब ठेवलेली मागची बाजू आणि या पट्ट्या मिळून ते अडवतात.

५. भरतकाम, रंग, मणी यांतलं काही करायचं असेल तर आत्ता, आणि पुढच्या टप्प्यात परतावं लागेल हे धरून.

तपासणी: डोळे मिटून, एका हातानं, मनात तीन आकडे मोजेपर्यंत वस्तू उतरवता आली पाहिजे. घालणाऱ्या व्यक्तीला स्वतःला. नाही जमलं तर बटणं बदला.

टप्पा ८: घालून पाहणं

आरशासमोर घालू नका. आरसा असला की माणूस वस्तू बघत राहतो. पहिल्यांदा एक मिनिट, मग दहा, मग तीस, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. घालून नेहमीची कामं करा: चहा करा, दार उघडा, फोन घ्या, कुणाशी तरी बोला. वहीत फक्त शरीराच्या नोंदी ठेवा. ‘वाईट वाटलं’ असं लिहू नका. ‘नवव्या मिनिटाला उजवा खांदा वर आला’, ‘बोलताना वाक्यं तुटक झाली’ असं लिहा.

दुसऱ्या कुणाला घालायला देताना विषय सांगू नका. त्यांनी उतरवल्यावर एवढंच विचारा: काय करावंसं वाटलं? मी ही वस्तू एका मैत्रिणीला घातली आणि स्वयंपाकघरात गेले. परत आले तर ती जागेवरच उभी, पिशवी सुटून पोटाशी लोंबत होती. ती म्हणाली, ‘परत बसवता येत नाहीये गं.’ खरंच येत नव्हती. एका हातानं पिशवी वर ढकलली तर बाहीचं तोंड मिटतं. ते उघडून धरायला दुसरं माणूस लागतं. ही माझ्या आराखड्यातली चूक होती. मी ती दुरुस्त केली नाही, कारण तेराव्यानंतर मावशी पहिल्यांदा रडली तेव्हा तिलाही दोघींनी धरावं लागलं होतं. चाचणीत निघालेली प्रत्येक चूक अशी ठेवण्यासारखी नसते. पट्टी काचते, शिवण टोचते, श्वास कोंडतो या चुका ताबडतोब काढायच्या. घालणाऱ्याला दुखापत न करता क्रियापद अधिक खरं करणारी चूक असेल तरच तिच्यावर विचार करा.

नोंदी तुमच्या पहिल्या वाक्याशी जुळत नसतील तर पाचव्या टप्प्याकडे परत जा. बहुतेक वेळा वजन किंवा त्याची जागा चुकलेली असते. सजावट वाढवून हे भरून निघत नाही.

टप्पा ९: दाखवणं आणि ठेवणं

पुतळ्यावर चढवलेली वस्तू इथे अर्धीच दिसते, कारण पुतळ्याचा हात थकत नाही. शक्य असेल तर लोकांना घालू द्या. नसेल तर हात सुटण्याचं, एकाच जागेवरून, न कापता केलेलं चित्रीकरण शेजारी लावा. पाटीवर भावनेचं नाव लिहू नका. करायची कृती लिहा. माझी पाटी अशी आहे: ‘डावा हात आडवा धरा. थकलात की सोडा. परत ठेवायला कुणालातरी सांगा.’ शेजारी एक माणूस कायम हवा, मदतीला आणि ‘पुरे’ ऐकायला.

अनेक जण घालणार असतील तर मानेला लागणाऱ्या भागावर सुटी, धुता येणारी सुती पट्टी लावा आणि ती रोज बदला. प्रदर्शन संपलं की मोहरी काढून उन्हात घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पट्टा हातानं धुऊन सावलीत, आडवा वाळवा. दोरीवर टांगला तर ओला असताना खांदे ताणले जातात. डब्यावर ८०० ग्रॅम असं लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी भरण्याआधी पुन्हा काट्यावर ठेवा.